मेंदूचा आलेख म्हणजे निदान नव्हे

सुट्टी संपवून मुले परत आली की हाऊसमास्तरच्या टेबलावर कागदांचा ढीग जमतो. फिटनेस सर्टिफिकेट, लसीची नोंद, चष्म्याचा नंबर, आईने लिहिलेली पथ्याची चिठ्ठी. अलीकडे या ढिगात एक नवा कागद दिसू लागला आहे. गुळगुळीत कागदावर मेंदूची गोल चित्रे, त्यांत लाल, पिवळे, निळे डाग, खाली एक गुणोत्तर आणि त्याच्यापुढे चार अक्षरे: एडीएचडी. सोबत पालकांचा फोन येतो. 'सर, ब्रेन मॅपिंग करून घेतलं. मुलाच्या मेंदूतच दोष निघाला. आता काय करायचं?'

मी डॉक्टर नाही. पदार्थविज्ञान शिकवतो आणि तेरा वर्षे हाऊस सांभाळतो आहे. पण लहर, वारंवारता, मोजमाप आणि मोजमापातली त्रुटी हे माझ्या विषयातले शब्द आहेत, आणि लक्ष न लागणारी मुले हे माझे रोजचे काम आहे. म्हणून आपल्या मराठी पानावर माझे मत स्पष्ट मांडतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, ही खरी गोष्ट आहे. ईईजी हे यंत्रही खरे आहे. पण ईईजीच्या आलेखावरून एडीएचडीचे निदान करता येत नाही. तसा आलेख हातात धरून मुलाला शिक्का मारू नये, आणि त्याच्या जोरावर खर्चिक उपचारही सुरू करू नयेत.

आधी यंत्राविषयी. जर्मनीतील येना येथील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूतील विजेची नोंद पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोक्याच्या कातडीवर लावलेल्या चकत्यांना मिळणारा हा विद्युतदाब फारच लहान असतो, काही मायक्रोव्होल्ट ते शंभरएक मायक्रोव्होल्ट. आपल्या प्रयोगशाळेतला दीड व्होल्टचा सेल डोळ्यांपुढे आणा. त्याच्या हजारो पटींनी हा दाब कमी. पापणी लवली, दात आवळले, मान हलली, तरी त्या नोंदीत भेसळ होते. संगणक ही सरमिसळ लहर वारंवारतेनुसार वेगळी करतो. सेकंदाला चार ते आठ कंपने असलेल्या संथ लहरींना थीटा म्हणतात, आठ ते तेरा अल्फा, आणि तेरा ते तीस या जलद लहरींना बीटा. ढोबळपणे सांगायचे तर माणूस पेंगुळला की थीटा वाढतो. जागा आणि कामात गुंतलेला असला की बीटाचा वाटा वाढतो.

चंचल मुलांच्या आलेखात संथ लहरी जास्त दिसतात, हे निरीक्षण जुने आहे. अमेरिकेतील जॅस्पर, सॉलोमन आणि ब्रॅडली यांनी १९३८ मध्येच वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या आलेखांविषयी लिहिले होते. पुढे थीटाला बीटाने भागून येणारा एकच आकडा निदानासाठी वापरावा, ही कल्पना पुढे आली. १९९९ मध्ये मोनास्ट्रा आणि सहकाऱ्यांनी ६ ते ३० वर्षे वयाच्या ४८२ जणांचा अभ्यास छापला. एडीएचडी असलेल्यांपैकी ८६ टक्के या आकड्याने ओळखले गेले, आणि नसलेल्यांपैकी ९८ टक्के बरोबर वगळले गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००६ मध्ये स्नायडर आणि हॉल यांनी नऊ अभ्यास एकत्र केले, तेव्हा दोन गटांतला फरक प्रचंड निघाला. त्याचे माप ३.०८ होते. सोप्या भाषेत, एडीएचडी असलेले एक मूल आणि नसलेले एक मूल अशी जोडी घेतली, तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जोड्यांत पहिल्याचे गुणोत्तर मोठे निघावे. असे आकडे वाचून कोणाचाही विश्वास बसेल.

मग २०१३ साल आले. त्या वर्षी जुलैत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'नेबा' नावाच्या ईईजी यंत्राला परवानगी दिली. पंधरावीस मिनिटांची तपासणी, ६ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी. बाजारात या परवानगीचा गाजावाजा झाला, पण तिच्यातली अट फारशी कोणी वाचली नाही. डॉक्टरने केलेल्या संपूर्ण वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणीचा एक भाग म्हणूनच हे यंत्र वापरायचे होते. त्याच वर्षी आर्न्स, कॉनर्स आणि क्रेमर यांनी गेल्या दशकातले अभ्यास पुन्हा एकत्र तपासले: एडीएचडी असलेली १२५३ आणि नसलेली ५१७ मुले. या वेळी ६ ते १३ वयोगटात फरकाचे माप ०.७५ निघाले. पुन्हा तोच हिशेब करा. आता दहा जोड्यांपैकी सातांत एडीएचडीवाल्या मुलाचे गुणोत्तर मोठे, आणि तिनांत चक्क दुसऱ्याचे. हे गुणोत्तर निदानाची विश्वासार्ह खूण मानता येणार नाही, असे त्यांनी लिहिले. २०१६ मध्ये अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने सल्ला प्रसिद्ध केला. ही चाचणी नेहमीच्या तपासणीच्या जागी वापरू नये, कारण तिच्यामुळे निरोगी मुलांवर चुकीचा शिक्का बसण्याचा धोका स्वीकारता येण्याजोगा नाही, असे त्यात म्हटले होते.

आकडा असा का घसरला? आर्न्स आणि सहकाऱ्यांना एक विचार करायला लावणारी गोष्ट दिसली. एडीएचडी असलेल्या मुलांचा आकडा फारसा बदललेला नव्हता. वर्षागणिक नसलेल्या मुलांचा आकडाच वर सरकत होता. मुलांची झोप कमी होत चालली आहे, हे त्याचे एक कारण असू शकेल, असे त्यांनी सुचवले. पेंगुळलेल्या मेंदूत थीटा वाढतो, हे वर आलेच आहे. म्हणजे लक्षाची खूण म्हणून जी मोजायची, ती झोपेच्या अभावानेही उमटते.

आता हे आपल्या मुलांना लावून पाहा. आपल्या शाळेतून महाराष्ट्रातल्या घरी पोहोचायला बऱ्याच मुलांना दोन रात्री रेल्वेत काढाव्या लागतात. माझ्या हाऊसमधल्या आठवीतल्या एका मुलाचा असाच रंगीत अहवाल मागच्या वर्षी आला. मी त्याला सहज विचारले, 'तपासणी कधी केली रे?' म्हणाला, 'सर, स्टेशनवरून घरी गेलो, आंघोळ केली आणि लगेच गेलो. बाबांना एकच दिवस रजा होती. खुर्चीत बसलो आणि डोळे मिटत होते. त्या ताई सारख्या जागं करत होत्या.' तपासणी करणाऱ्यांनी प्रवासाची, झोपेची चौकशी केली नव्हती. अहवालात मात्र गुणोत्तर दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत दिले होते. मोजपट्टी कितीही बारीक असली तरी मोजायची वस्तूच हलत असेल, तर त्या बारकाव्याला काय अर्थ? दहावीच्या प्रात्यक्षिकात असे वाचन लिहिले तर मी गुण देत नाही.

झोप हे एकच कारण नाही. वय वाढते तसा थीटा आपोआप कमी होत जातो, म्हणून दहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला एकाच फुटपट्टीने मोजता येत नाही. काही मुलांची अल्फा लहर जन्मतःच थोडी संथ असते. ती थीटाच्या पट्ट्यात घुसते आणि गुणोत्तर फुगवते. आणि मुळात एडीएचडी असलेली सगळी मुले एकसारखी नसतात. एक वर्गात खुर्चीवर टिकत नाही, दुसरा शांत बसून खिडकीबाहेर हरवलेला असतो. दोघांचे आलेख एकाच साच्यात बसतील अशी अपेक्षा करणेच भाबडेपणाचे आहे.

'नव्वद टक्के अचूक' या शब्दांनी पालक हमखास फसतात, म्हणून एक हिशेब मांडतो. छात्रहो, हा तुम्हीही वहीत करून पाहा. साधारण पाच टक्के मुलांत एडीएचडी असतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसते. म्हणजे हजार मुलांत पन्नास. समजा एखादी चाचणी असलेल्यांतले नव्वद टक्के पकडते आणि नसलेल्यांतले नव्वद टक्के बरोबर वगळते. पन्नासांपैकी पंचेचाळीस सापडले, पाच सुटले. उरलेल्या साडेनऊशेंपैकी दहा टक्के, म्हणजे पंचाण्णव, विनाकारण अडकले. एकूण एकशे चाळीस मुलांच्या हातात 'दोष आहे' असा कागद आला, आणि त्यांतल्या फक्त पंचेचाळीस जणांना खरोखर एडीएचडी आहे. तीन कागदांतला साधारण एकच खरा. याला आपल्याकडे साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, सगळ्या शाळेची कशाला, ज्यांच्याविषयी शंका आहे त्यांचीच तपासणी करा. बरोबर आहे. अनुभवी डॉक्टरने निवडलेल्या शंभर मुलांत जर पन्नास जणांना खरोखर एडीएचडी असेल, तर त्याच चाचणीचे पन्नासपैकी पंचेचाळीस कागद खरे ठरतील. पण मग ही अचूकता आली कुठून? ती डॉक्टरच्या आधीच्या चौकशीतून आली. तो चौकशीचा भाग गाळून थेट यंत्राकडे जाणारा पालक नेमकी तीच गोष्ट गमावतो.

फौजी घरांतल्या वाचकांना हे समजायला अवघड जाऊ नये. माईन डिटेक्टर वाजला म्हणजे सुरुंग सापडला, असे कोणताही सॅपर मानत नाही. गंजका खिळा, डब्याचे झाकण, जुनी गोळी, कशानेही तो वाजतो. सॅपर थांबतो, गुडघ्यावर बसतो आणि प्रॉडरने इंच इंच जमीन तपासतो. आणि ज्या एसएसबीची तयारी आपण सहावीपासून करून घेतो, ती तरी काय करते? मानसशास्त्रज्ञ, ग्राउंडवरचा जीटीओ आणि मुलाखत घेणारा अधिकारी, हे तिघे उमेदवाराला आपापल्या नजरेने पाहतात. मनसा, वाचा, कर्मणा. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला सगळे एकत्र बसतात आणि मग निर्णय होतो. एका आकड्यावर अधिकारी निवडला जात नाही. मग एका आकड्यावर बारा वर्षांच्या मुलाला 'सदोष' का ठरवायचे?

एडीएचडीचे निदान करण्याची रीतही अशीच अनेक डोळ्यांची आहे. डॉक्टर जगभर वापरतात त्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीत अठरा लक्षणे आहेत: नऊ लक्ष न टिकण्याची, नऊ अतिचंचलतेची आणि उतावळेपणाची. मुलात कोणत्याही एका गटातली किमान सहा लक्षणे सहा महिने दिसायला हवीत. सतरा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीत पाच पुरतात. काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची हवीत. ती निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे फक्त वर्गात किंवा फक्त घरी नव्हे. आणि त्यांमुळे रोजच्या आयुष्यात खरी अडचण होत असायला हवी. यांतली एकही अट पंधरा मिनिटांच्या आलेखात दिसत नाही. ती आई सांगू शकते, गावच्या शाळेतले गुरुजी सांगू शकतात, आणि आम्ही सांगू शकतो.

निवासी शाळेला इथे मोठा फायदा आहे आणि तो आपण वापरत नाही. मुलगा आपल्याला वर्गात दिसतो, पीटीत दिसतो, मेसमध्ये, प्रेपमध्ये, बराकीत दिसतो. ड्रिलचे उस्ताद सांगतात की हा मुलगा तिसऱ्या आज्ञेला हमखास चुकतो. मॅट्रन सांगतात की त्याचा एक मोजा रोज हरवतो. गणिताच्या सरांकडे वेगळीच माहिती असते. ही सगळी माहिती चार वहीत विखुरलेली राहते आणि डॉक्टरकडे जाताना मुलाच्या फाइलीत फक्त मार्कशीट असते. आपल्या देशातल्या मुलांसाठी तयार केलेली 'इन्क्लेन'ची प्रश्नावली आहे, शिक्षकांनी भरायच्या प्रश्नावल्या आहेत. त्या भरायला वीज लागत नाही.

अशा पाहण्यातून काय हाती येते, याची दोन उदाहरणे देतो. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून एक मुलगा सहावीत आला. पहिल्या सत्रात चार शिक्षकांनी एकच शेरा लिहिला: लक्ष नाही. मी नोंदी मागवल्या. विज्ञान आणि समाजशास्त्राच्या तासाला तो हरवलेला. गणितात ठीक. मैदानावर एकदम जागा. रविवारी आईला पत्र लिहायला बसला की दीड तास मान वर नाही, मराठीत चार पाने. त्याच्या लक्षात दोष नव्हता. इंग्रजी तासातले निम्मे शब्द त्याला कळत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. त्याला रोज अर्धा तास भाषेसाठी दिला. वर्षाअखेरीस शेरा बदलला. त्याचा ईईजी काढला असता आणि आकडा वर आला असता, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झाले असते.

दुसरा मुलगा सातवीतला. त्याच्या नोंदी सगळीकडून सारख्या आल्या. वर्गात, प्रेपमध्ये, मेसच्या रांगेत, खेळात. घरूनही तेच: पहिलीपासून डबा विसरणे, वही अर्धी सोडणे, रस्ता न पाहता धावणे. सिनिअर मुलांनी त्याला रगडा देऊन पाहिला, काही फरक पडला नाही; उलट तो गप्प होत गेला. सरकारी रुग्णालयातल्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी दोन भेटींत आई-वडिलांशी बोलून, आमच्या नोंदी वाचून, डोळे आणि कान तपासून निदान केले. एडीएचडी. आलेख काढावा लागला नाही. औषध सुरू झाले. त्याबरोबर आम्ही त्याला पुढच्या बाकावर आणले, एका वेळी एकच सूचना द्यायला लागलो, कपाटाच्या दारावर सकाळच्या कामांची यादी चिकटवली. तो मुलगा आज दहावीत आहे आणि हाऊसच्या रायफल नेमबाजीच्या संघात आहे.

हे दुसरे उदाहरण मुद्दाम दिले, कारण आपल्याकडे उलट टोकाचे लोकही कमी नाहीत. 'हे सगळे अमेरिकेतले फॅड. आमच्या वेळी नव्हते असले काही. दोन फटके दिले की सरळ होतो.' असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना आणि आजोबांना माझे नम्र सांगणे आहे की त्या वेळीही ही मुले होती. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी १९०२ मध्येच अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या अडचणीत आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असल्याचे दिसते. आपल्या वेळची ती मुले शाळा सोडून गेली, म्हणून आपल्याला दिसली नाहीत. मुलींच्या बाबतीत तर ती अजूनही दिसत नाहीत. शांत बसून हरवलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणी तिची दखल घेत नाही. सैनिकी शाळांची दारे मुलींसाठी उघडली आहेत. त्यांच्याकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवे.

मग ईईजीचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो मोठा आहे. अपस्माराचा एक प्रकार असा असतो की मूल खाली पडत नाही, झटके येत नाहीत. काही सेकंद नुसते शून्यात पाहते, हाक मारली तरी उत्तर देत नाही, आणि मग जिथे सोडले तिथून पुन्हा सुरू करते. दिवसात कितीतरी वेळा असे होऊ शकते. वर्गात हे थेट 'लक्ष नाही' असेच दिसते. अशा मुलाच्या आलेखात सेकंदाला तीन या गतीने ठळक टोकदार लहरी येतात, आणि तिथे ईईजी निर्णायक ठरतो. मुलगा बोलता बोलता क्षणभर थांबतो, पापण्या फडफडतात, असे कोणाला दिसले तर त्याच दिवशी एमआय रूमला कळवा. प्रश्न नेमका असेल तर यंत्र नेमके उत्तर देते.

लहरींच्या उपचाराविषयीही दोन शब्द. पडद्यावर आपल्याच मेंदूच्या लहरी पाहत त्या बदलायला शिकायचे, याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. अहवालासोबत अशा तीसचाळीस बैठकांचे पॅकेज सुचवले जाते. अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर याची काटेकोर चाचणी झाली. काही मुलांना खरा थीटा-बीटा न्यूरोफीडबॅक दिला, काहींना तसाच दिसणारा खोटा, आणि कोणाला काय मिळते हे पालकांना ठाऊक नव्हते. निकाल २०२१ मध्ये छापून आला. दोन्ही गटांत सुधारणा झाली, आणि ती जवळजवळ सारखीच. म्हणजे मुलांना फायदा झाला तो लक्ष देणाऱ्या मोठ्या माणसाचा, ठरलेल्या वेळेचा, कौतुकाचा; लहरींचा वेगळा वाटा दिसला नाही. शेतीच्या उत्पन्नातून मुलाची फी भरणाऱ्या वडिलांनी या पॅकेजवर सही करण्यापूर्वी हे जाणून घ्यायला हवे.

काही पालक अहवाल दाखवताना हळूच म्हणतात, 'सर, मीही असाच आहे. मलाही टेस्ट करून घेऊ का?' एडीएचडी मोठेपणीही राहू शकतो. प्रौढांत त्याचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. पण प्रौढांसाठी तर हा आलेख आणखीच कमी उपयोगाचा, कारण वयानुसार लहरी बदललेल्या असतात, आणि त्या नेबा यंत्राची परवानगीही सतरा वर्षांपर्यंतचीच होती. मोठ्या माणसाच्या निदानाचा रस्ता त्याच्या लहानपणाच्या आठवणींतून, नोकरीतल्या अडचणींतून, घरच्यांच्या बोलण्यातून जातो. तो रस्ता घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला वडिलांनी लाजू नये. वडील गेले की मुलाची भीती निम्मी होते.

आणि 'एनडीएचे काय होईल?' हा पालकांच्या मनातला खरा प्रश्न. सेवेसाठी कोण पात्र, हे त्या वेळचे वैद्यकीय मंडळ ठरवेल. आज आपल्यासमोर अकरा-बारा वर्षांचे मूल आहे. भविष्यातल्या फॉर्मच्या भीतीने खरी अडचण लपवली, तर मूल आत्ताच मागे पडते. आणि खोट्या शिक्क्यावर विश्वास ठेवला, तर ज्याला काही झालेलेच नाही असा मुलगा 'माझा मेंदूच खराब' असे समजून प्रयत्न सोडतो. दोन्ही मुले मी पाहिली आहेत. दुसऱ्याला परत उभे करायला जास्त वेळ लागतो.

म्हणून मागणी तीन ठिकाणी करतो.

पालकहो, मुलाचे लक्ष लागत नाही असे वाटले तर पहिले पैसे बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्यावर खर्च करा. जाताना प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तके शोधून न्या आणि आमच्याकडून नोंदी मागून घ्या. ईईजी त्यांनी सांगितला तर जरूर करा, आणि कशासाठी सांगितला ते विचारा. मुलाची रात्रीची झोप पूर्ण झाल्याशिवाय मात्र कोणत्याच तपासणीला नेऊ नका.

सहकाऱ्यांनो, प्रत्येक हाऊसमध्ये अशा मुलांसाठी एक साधी वही ठेवू या. तारीख, जागा, काय घडले, आधी काय झाले होते. चार ओळी पुरेत. 'आळशी', 'वांड' असले शब्द तिच्यात नकोत. सहा महिन्यांनी ती वही डॉक्टरच्या हाती दिली, तर कोणत्याही रंगीत चित्रापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

तिसरी मागणी शाळेकडे, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी, आणि त्याहून लहानांना नऊ ते बारा, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आपल्या वेळापत्रकात दिवे दहाला मालवतात आणि बिगुल साडेपाचला वाजतो. कागदावरच साडेसात तास झाले. त्यातून सिनिअरची कामे, बूट पॉलिश, पांघरुणाखालची टॉर्च वजा करा. सहावी-सातवीच्या मुलांचे दिवे नऊला मालवले, आणि त्यानंतर त्यांना कोणी उठवायचे नाही हा नियम प्रीफेक्टांनी मनावर घेतला, तर ते एका सत्रात करून पाहता येईल. खर्च शून्य. वर्गातल्या किती पेंगणाऱ्या माना त्यानंतर सरळ होतात, ते आधी मोजू या. त्यानंतरही ज्यांचे लक्ष लागत नाही, त्यांना डॉक्टरकडे नेऊ या.